विल्यम पेन व त्यांचें शहर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सतराव्या शतकांत युरोपांतील लोकांनीं जीं शहरें वसविलीं, त्यांच्या मुळाशीं पाहूं गेल्यास बहुधा दोन गोष्टी सांपडतात : एक व्यापार व दुसरी धर्म. व्हर्जिनियांतील जेम्सटाउन हें ठाणें इ. स. १६०७ मध्यें लंडनच्या एका व्यापारी कंपनीनें नफ्याच्या आशेनें वसविलें. ज्यास आज न्यू यॉर्क म्हणतात, तें शहर आरंभीं डच कंपनीची कातड्यांच्या व्यापाराची वखार होतें. उलटपक्षीं बोस्टन शहर इ. स. १६३० मध्यें प्युरिटन लोकांनीं देवाच्या वचनाप्रमाणें चालणारी वसाहत करावी ह्या हेतूनें स्थापिलें. परंतु जेथें वखार होती तेथें पुढें उपासनामंदिर आलें, व जेथें उपासनामंदिर होतें तेथें पेठ आली. आणि ह्या दोहोंचें एकमेकांशीं कसें जमावें हा प्रश्न प्रत्येक शहरापुढें उभा राहिला.

बोस्टन येथें तो एका रीतीनें सोडविण्यांत आला. तेथें आरंभींच्या काळांत मंडळीच्या सभासदांवांचून इतरांस राज्यकारभारांत मत नव्हतें. इ. स. १६३९ मध्यें रॉबर्ट केन नामक व्यापाऱ्यानें मालावर भारी नफा घेतला म्हणून सरकारनें त्यास दंड केला, व मंडळीनेंही त्यास सर्वांसमक्ष ताकीद दिली. व्यापारावर धर्माचा धाक असावा हें चांगलेंच. पण त्याच शहरांत इ. स. १६५९ ते १६६१ ह्या काळांत क्वेकर पंथाच्या चार माणसांस, हद्दपारीचा हुकूम मोडून तीं परत आलीं एवढ्याच अपराधासाठीं, फांशीं देण्यांत आलें. त्यांत मेरी डायर नांवाची एक स्त्रीही होती. ह्याहून निराळा मार्ग काढण्याचा प्रयत्न ज्यांनीं केला ते विल्यम पेन होत. त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों. त्यांत घेण्यासारखें पुष्कळ आहे, आणि भिण्यासारखेंही कांहीं आहे. दोन्ही सांगणें आम्हांस योग्य वाटतें.

बाळपण व शिक्षण

विल्यमचा जन्म ता. १४ आक्टोबर १६४४ रोजीं लंडन शहरांत, तेथील टॉवर नामक प्रसिद्ध किल्ल्याजवळ झाला. वडिलांचें नांवही विल्यम पेन असेंच होतें. ते इंग्लंडच्या आरमारांत मोठे अधिकारी होते, व इ. स. १६५५ मध्यें ज्या स्वारींत जमेका बेट स्पॅनिश लोकांपासून घेण्यांत आलें, त्या स्वारीच्या आरमाराचे ते मुख्य होते. अशा घरांतील थोरल्या मुलानें राजदरबारीं मानाची जागा मिळवावी अशी बापाची इच्छा असावी, ह्यांत नवल नाहीं.

परंतु मुलाचा ओढा दुसरीकडे होता. हें कुटुंब आयर्लंडांतील आपल्या जहागिरीवर राहत असतां थॉमस लो नामक एका क्वेकर उपदेशकाचें भाषण त्यानें लहानपणींच ऐकिलें होतें. पुढें इ. स. १६६० मध्यें तो ऑक्सफर्ड येथील विद्यालयांत गेला. तेथें सरकारी पंथाची उपासना सर्वांवर सक्तीची होती. ती विल्यम व त्याचे कांहीं सोबती ह्यांस मानवेना. दोन वर्षांनीं त्यास विद्यालयांतून काढून टाकण्यांत आलें. बापास इतका राग आला कीं, त्यानें मुलास मारून घराबाहेर घातलें. मग राग शमल्यावर त्यास फ्रान्स देशांत पाठविलें. तेथें सोम्यूर गांवच्या प्रॉटेस्टंट विद्यापीठांत त्यानें कांहीं काळ अभ्यास केला. नंतर लंडनला येऊन तो कायदा शिकूं लागला. इ. स. १६६५ मध्यें त्या शहरांत महामारीनें हजारों लोक मेले, व दुसऱ्याच वर्षीं भयंकर आग लागून शहराचा मोठा भाग जळून गेला. दाटीवाटीच्या अरुंद गल्ल्या व एकमेकांस चिकटलेलीं लांकडी घरें ह्यांचा परिणाम काय होतो हें त्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचा संबंध येणार आहे.

धर्मासाठीं तुरुंग

इ. स. १६६७ मध्यें आयर्लंडांतील कॉर्क शहरीं विल्यमनें त्याच थॉमस लो उपदेशकाचें भाषण पुन्हां ऐकिलें, आणि त्याच्या मनाचा निश्चय झाला. तो क्वेकर झाला. येथून पुढें आम्ही त्यांस पेन साहेब म्हणूं.

क्वेकर लोक आपणांस मित्र म्हणवितात. ते उपासनेच्या वेळीं शांत बसून देवाच्या आत्म्याची वाट पाहत. त्यांच्यांत वेगळा पाळकवर्ग नव्हता. ते शपथ घेत नसत, तरवार धरीत नसत, व राजापुढेंही टोपी काढीत नसत. दुकानांतही त्यांची रीत निराळी होती. त्या काळीं दुकानदारानें चढी किंमत सांगावी व गिऱ्हाइकानें घासाघीस करून ती उतरवावी अशीच चाल असे. क्वेकर दुकानदार एकच भाव सांगे. खरें बोलण्यासाठीं शपथ कशाला हवी, ह्या विचारांतूनच मालाची किंमत दोनदां कां सांगावी हाही विचार निघाला. आरंभीं गिऱ्हाइकें बिचकलीं. पण पोराला पाठविलें तरी फसवणूक होत नाहीं असें दिसून आल्यावर त्यांच्या दुकानांस बरकत आली. अशा रीतीनें ह्या पंथांत धर्म व व्यापार ह्यांचा संबंध प्रथमपासूनच पडला.

पेन साहेबांस ह्या मतासाठीं पुष्कळ सोसावें लागलें. कॉर्क येथें त्यांस अटक झाली. इ. स. १६६८ मध्यें एका लेखाबद्दल त्यांस लंडनच्या टॉवरमध्यें कैदेंत ठेविलें. तेथें ते सुमारें आठ महिने होते, व तेथेंच त्यांनीं क्रुसावांचून मुगुट नाहीं अशा अर्थाच्या नांवाचें आपलें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें.

इ. स. १६७० मध्यें लंडनच्या ग्रेसचर्च रस्त्यावर, सभागृहास सरकारी कुलूप पडलें असल्यामुळें, त्यांनीं उघड्यावरच उपदेश केला. दंगा माजविल्याच्या आरोपावरून त्यांस व विल्यम मीड ह्यांस धरण्यांत आलें. न्यायालयांत येतांना त्यांच्या डोक्यावर टोप्या नव्हत्या. तेव्हां शिपायांकडून त्या मुद्दाम घालविण्यांत आल्या, आणि मग न्यायासनापुढें टोपी काढली नाहीं म्हणून दोघांस दंड करण्यांत आला! बारा पंचांनीं त्यांस अपराधी ठरविण्याचें नाकारलें. न्यायाधीशांनीं त्या पंचांस अन्न, पाणी व विस्तव न देतां दोन रात्री कोंडून ठेविलें. तरी ते बधले नाहींत. तेव्हां पंचांनाच दंड झाला, व ज्यांनीं तो दिला नाहीं त्यांस तुरुंगांत टाकलें. त्यांच्यापैकीं बुशेल नामक पंचानें वरच्या न्यायालयांत दाद मागितली, आणि तेथें असा निकाल झाला कीं, पंचांनीं आपल्या समजुतीप्रमाणें निकाल दिला म्हणून त्यांस शिक्षा करितां येत नाहीं. ते पंच कोणी मोठे सरदार नव्हते. पण त्यांच्या धैर्याचें फळ इंग्रजी कायद्यांत कायमचें राहिलें.

ह्याच वर्षीं वडील वारले. मरणापूर्वीं बापलेकांचा समेट झाला होता. इ. स. १६७२ मध्यें पेन साहेबांनीं गुलिएल्मा स्प्रिंगेट नामक सुशील क्वेकर बाईशीं विवाह केला.

राजाचें देणें व नवा प्रांत

दुसऱ्या चार्ल्स राजाकडे पेन साहेबांच्या वडिलांचें सुमारें १६,००० पौंड येणें होतें. राजाच्या खजिन्यांत पैसा नसे. अमेरिकेंतील जमीन मात्र त्याच्या कागदावर पुष्कळ होती. पेन साहेबांनीं त्या कर्जाच्या मोबदल्यांत जमीन मागितली. ता. ४ मार्च १६८१ रोजीं राजानें त्यांस सुमारें ४५,००० चौरस मैलांचा प्रांत सनदेनें दिला. त्याबद्दल वर्षास बीव्हर नामक प्राण्याचीं दोन कातडीं राजास द्यावीं, व सोनें-रुपें निघाल्यास त्याचा पांचवा हिस्सा द्यावा, एवढाच खंड ठरला. तो मुलूख रानांनीं भरलेला म्हणून त्यास सिल्व्हेनिया, म्हणजे वनभूमि, असें नांव पेन साहेब देणार होते; राजानें त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ त्यास पेनचें नांव जोडिलें, आणि तो पेन्सिल्व्हेनिया झाला.

हा प्रांत छळ झालेल्यांस आश्रय व्हावा, व तेथें नीतीनें चालणारें राज्य होऊं शकतें हें जगानें पाहावें, असा पेन साहेबांचा हेतु होता. त्यांस त्यांतून उत्पन्नही हवें होतें, आणि ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. त्यांनीं जाहिरातपत्रकें छापून डच व जर्मन भाषांत त्यांचीं भाषांतरें करविलीं. ५,००० एकर जमीन १०० पौंडांस, व त्यावर दर शेंकडा एकरांस वर्षाला एक शिलिंग खंड, अशी विक्री सुरू झाली. व्यापारासाठीं एक मोठी मंडळी स्थापन झाली. पण ती थोड्याच वर्षांत बुडाली.

ह्याच वेळीं त्यांची खरी परीक्षा झाली. इ. स. १६८१ च्या आगस्ट महिन्यांत कांहीं व्यापाऱ्यांनीं त्यांस ६,००० पौंड रोख व शिवाय दरसाल शेंकडा अडीच टक्के देऊं केले. त्याबद्दल सस्क्वेहाना व डेलावेर ह्या दोन नद्यांमधील मूळच्या रहिवाशांशीं चालणारा सर्व व्यापार एकट्या त्यांच्या हातीं असावा अशी त्यांची मागणी होती. पेन साहेब त्या वेळीं पैशाच्या अडचणींत होते. तरी त्यांनीं ती रक्कम नाकारली. मक्ता ज्याच्या हातीं तो गरिबास नाडणार, हें त्यांस ठाऊक होतें. उलट त्यांनीं असा नियम केला कीं, मूळच्या रहिवाशांशीं देवघेव करावयाची ती उघड्या बाजारांत करावी, माल चांगला कीं वाईट ह्याची तेथेंच तपासणी व्हावी, आणि दोन्ही लोकांत तंटा झाल्यास सहा गोरे व सहा मूळचे रहिवासी अशा बारा पंचांनीं तो तोडावा. हा नियम पुढें नेहमीं पाळला गेला असें नाहीं. परंतु आडरानांत दारू पाजून मातीमोलानें कातडीं घेण्याची जी रीत इतरत्र चालू होती, तिच्याशीं हा नियम ताडून पाहावा.

त्यांच्या कायद्यांत आणखी एक कलम आहे, तें आमच्या वाचकांस आवडेल. प्रांतांतील प्रत्येक मुलास बारा वर्षांचें झाल्यावर कांहींतरी उपयुक्त धंदा शिकवावा. म्हणजे गरिबास पोट भरतां येईल, व श्रीमंतास गरिबी आली तरी त्याचे हात रिकामे राहणार नाहींत. हातानें काम करण्यांत हलकेपणा आहे असें त्या कायद्यानें मानलें नाहीं. मरणाची शिक्षाही इंग्लंडांत पुष्कळ अपराधांस होती, ती येथें खुनासारख्या अत्यंत मोठ्या अपराधापुरतीच ठेविली.

शहराची आखणी

इ. स. १६८२ च्या आगस्ट महिन्याच्या अखेरीस पेन साहेब वेलकम नामक जहाजानें निघाले. जहाजावर सुमारें १०० उतारू होते. वाटेंत देवीची सांथ येऊन त्यांतील सुमारें ३० मेले. पेन साहेबांस लहानपणीं देवी येऊन गेल्या होत्या. त्यांनीं आजाऱ्यांची सेवा केली. आक्टोबरच्या अखेरीस जहाज डेलावेर नदींत पोंचलें.

शहरास फिलाडेल्फिया असें नांव दिलें. त्याचा अर्थ बंधुप्रीति. आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकांत ज्या सात मंडळ्यांस पत्रें आहेत, त्यांपैकीं एका मंडळीचें तेंच नांव आहे, हें वाचकांस ठाऊक आहेच. डेलावेर व स्कूलकिल ह्या दोन नद्यांच्या मधली सुमारें दोन मैल लांब व एक मैल रुंद अशी जागा निवडली. थॉमस होम ह्या मोजणीदारानें सरळ रेघा ओढून रस्ते आंखिले. दोन मुख्य रस्ते १०० फूट रुंद होते. मध्यभागीं दहा एकरांचें एक मैदान, व चार बाजूंस आठ आठ एकरांचीं चार मैदानें सर्वांसाठीं मोकळीं ठेविलीं. रस्त्यांस सरदारांचीं नांवें न देतां अक्रोड, देवदार, तुती अशा झाडांचीं नांवें दिलीं. घर आपल्या जागेच्या मध्यभागीं असावें, भोंवतीं बाग असावी, म्हणजे आग पसरणार नाहीं व हवा खेळेल, अशी पेन साहेबांची इच्छा होती. लंडनची महामारी व आग ह्यांतून निघालेला हा धडा होता.

परंतु शहर कागदावर वसत नाहीं. आलेल्यांपैकीं कित्येकांनीं पहिला हिंवाळा नदीच्या दरडींत गुहा खणून काढिला. पुढें व्यापारी लोक डेलावेर नदीच्या धक्क्यालगतच राहूं लागले, कारण जहाजें तेथें लागत. सॅम्युएल कार्पेंटर नामक व्यापाऱ्यानें, जो बार्बाडोस बेटांतून आला होता, तेथें पहिला मोठा धक्का बांधिला. मोठ्या जागांचे तुकडे पडले, मधून गल्ल्या निघाल्या, आणि घरें एकमेकांस चिकटलीं. मित्रमंडळीनें शहराच्या अगदीं मध्यावर उपासनेचें सभागृह बांधिलें होतें. पण तेथें वस्तीच आली नाहीं, आणि रानांतून तेथवर कोणी जाईना. शेवटीं तें सभागृह सोडावें लागलें, व नवें मोठें सभागृह बाजाराच्या रस्त्यावर उभें राहिलें. देवाचें घर मध्यें ठेवून त्याभोंवतीं लोक वसतील असा बेत होता; प्रत्यक्षांत लोक धक्क्यापाशीं वसले व देवाच्या घरास त्यांच्या मागें जावें लागलें.

ह्यांत सगळेंच वाईट झालें असें मात्र नाहीं. बाजाराशेजारीं बसलेल्या मंडळीची नजर बाजारावर राहिली. दर महिन्याच्या सभेंत सभासदांच्या व्यवहाराची चौकशी होई. कोणी ऐपतीबाहेर धंदा वाढविला, देणें बुडविलें, किंवा वचन मोडिलें, तर त्यास प्रथम समजावीत, आणि तो न ऐकेल तर मंडळीबाहेर काढीत. दोन मित्रांचा तंटा न्यायालयांत न नेतां मंडळींतच मिटवीत. ह्यामुळें लंडन, बार्बाडोस, जमेका इत्यादि दूरच्या बंदरांत फिलाडेल्फियाच्या क्वेकर व्यापाऱ्याचा शब्द म्हणजे रोख नाणें झाला. प्रांतांत गहूं उत्तम पिके. पीठ, बिस्किटें, खारविलेलें मांस व लांकूड वेस्ट इंडीज बेटांस जाई, आणि तेथून साखर, काकवी व रम येई.

इतर लोकही आले. इ. स. १६८३ मध्यें फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस ह्या विद्वान गृहस्थाच्या पुढारीपणाखालीं जर्मनीहून कुटुंबें आलीं. त्यांत जवसाच्या सुताचें कापड विणणारे कारागीर होते. त्यांनीं शहराजवळ जर्मनटाउन हा गांव वसविला. तेथें जवळच इ. स. १६९० मध्यें त्या सर्व वसाहतींतील पहिला कागदाचा कारखाना निघाला. चर्च ऑफ इंग्लंड, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन व पुढें रोमन कॅथलिक ह्या सर्वांस तेथें आपापलीं उपासनास्थानें बांधितां आलीं. बोस्टनमध्यें ज्या मतासाठीं माणसें फांशीं गेलीं, त्या मताच्या लोकांनीं आपल्या हातीं सत्ता आल्यावर धर्ममतासाठीं कोणासही फांशीं दिलें नाहीं. ही पेन साहेबांची सर्वांत मोठी कीर्ति होय.

मूळचे रहिवासी

राजानें सनद दिली तरी जमीन लेनापी लोकांची आहे हें पेन साहेब जाणून होते. म्हणून कापड, घोंगड्या, कढया, कुऱ्हाडी वगैरे माल देऊन त्यांनीं ती त्यांच्याकडून विकत घेतली व दस्त करून घेतले. मध्यस्थावांचून बोलतां यावें म्हणून ते लेनापी भाषा शिकले. शॅकमॅक्सन येथें एका मोठ्या झाडाखालीं त्यांनीं लेनापी पुढाऱ्यांशीं सख्याचा करार केला अशी परंपरा आहे. प्रांतांत फौज नव्हती, तरी सुमारें ७० वर्षें तेथें मोठें युद्ध झालें नाहीं.

खेदाची गोष्ट ही कीं, बापानें मिळविलेला हा विश्वास मुलांनीं विकून टाकिला. इ. स. १७३७ मध्यें त्यांच्या मुलांनीं एका जुन्या कागदाच्या आधारें लेनापी लोकांस असें सांगितलें कीं, दीड दिवसांत माणूस चालत जाईल तेवढी जमीन आमची. मग अगोदर रस्ता साफ करून, निवडक धांवणारे लावून, दहा लाख एकरांहून अधिक जमीन बळकाविली. पुढें इ. स. १७५५ च्या सुमारास जो रक्तपात झाला त्याचें एक बीज ह्यांत होतें.

एक काळा डाग

आतां जें सांगावयाचें तें आम्ही जड अंतःकरणानें सांगतों. इ. स. १६८४ मध्यें इझाबेला नांवाच्या जहाजांतून १५० आफ्रिकन गुलाम फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरले, आणि बंधुप्रीतीच्या त्या शहरांत ते विकले गेले. विकत घेणारांत मित्रमंडळीचे सभासद होते. पेन साहेबांच्या पेन्सबरी येथील वाड्यावरही गुलाम होते. ज्या गव्हाच्या पिठानें शहर श्रीमंत झालें, तें पीठ वेस्ट इंडीजमध्यें उसाच्या मळ्यांतील गुलामांस पोसण्याकडे जाई. म्हणजे हिशेबाची वही एका भावाची व स्वच्छ होती. पण त्या वहींत माणसेंही मांडलेलीं होतीं.

इ. स. १६८८ मध्यें जर्मनटाउन येथील चार गृहस्थांनीं, त्यांत पास्टोरियस हे एक होते, ह्याविरुद्ध लेख लिहून मंडळीकडे पाठविला. आपणांशीं लोकांनीं जसें वागावें असें आपणांस वाटतें तसें आपण ह्या माणसांशीं वागतों काय, असा त्यांचा प्रश्न होता. तो लेख मासिक सभेकडून त्रैमासिक सभेकडे, व तेथून वार्षिक सभेकडे गेला, आणि तेथें तो बाजूस ठेवण्यांत आला. विषय फार जड आहे असें सर्वांस वाटलें. इ. स. १७०० मध्यें पेन साहेबांनीं गुलामांच्या विवाहांस कायद्याचा आधार असावा म्हणून प्रयत्न केला. तोही कायदेसभेनें मानला नाहीं. परंतु स्वतःचे गुलाम सर्व मोकळे करण्याचें त्यांच्या हातून शेवटपर्यंत झालें नाहीं. मंडळीनें इ. स. १७५८ मध्यें गुलामांची खरेदी-विक्री करणारांस शिस्त लाविली, व इ. स. १७७६ मध्यें गुलाम बाळगण्यासच बंदी केली. जर्मनटाउनच्या लेखापासून ह्यास ८८ वर्षें लागलीं. तेवढ्या काळांत किती माणसें दास्यांतच मेलीं!

कर्ज व शेवट

पेन साहेब आपल्या प्रांतांत दोन खेपा मिळून चार वर्षेंही राहिले नाहींत. हद्दीच्या तंट्यासाठीं इ. स. १६८४ मध्यें ते इंग्लंडला परतले. दुसरा जेम्स राजा त्यांचा स्नेही होता, इ. स. १६८८ मध्यें तो पदच्युत झाल्यावर पेन साहेबांवर राजद्रोहाचा संशय आला, व कांहीं काळ त्यांस लपून राहावें लागलें. इ. स. १६९२ पासून १६९४ पर्यंत प्रांताचा कारभारही त्यांच्या हातांतून काढून घेण्यांत आला होता. पत्नी गुलिएल्मा इ. स. १६९४ मध्यें वारल्या. दोन वर्षांनीं त्यांनीं ब्रिस्टलच्या एका व्यापाऱ्याची कन्या हॅना कॅलोहिल ह्यांच्याशीं विवाह केला. इ. स. १६९९ मध्यें ते दुसऱ्यानें अमेरिकेस गेले, व इ. स. १७०१ मध्यें प्रांतास हक्कांची नवी सनद देऊन परत आले. एका देवास मानणाऱ्या कोणाचाही धर्ममतासाठीं छळ होऊं नये, असें तींत पहिल्याच कलमांत आहे.

त्यांच्या अखेरच्या दुःखाचें कारण घरांतच होतें. त्यांचा सर्व हिशेब फिलिप फोर्ड नामक कारभारी पाही. तो त्यांच्याच पंथाचा होता, म्हणून पेन साहेबांनीं त्याच्या कागदांवर नीट न वाचतां सह्या केल्या. त्यांपैकीं एक कागद म्हणजे सर्व प्रांताचें खतच होतें. व्याजावर व्याज चढत गेलें. फोर्ड मेल्यावर त्याच्या बायकोनें व मुलानें तें खत पुढें केलें, व इ. स. १७०८ मध्यें, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, इंग्लंडहून फारशा लहान नसलेल्या मुलखाचा हा धनी कर्जासाठीं तुरुंगांत गेला. शेवटीं स्नेह्यांनीं ७,६०० पौंड उभे करून त्यांस सोडविलें. इकडे प्रांतांतील लोक श्रीमंत होत होते. पण ठरलेला खंड मात्र पुष्कळांनीं त्यांस दिलाच नाहीं. ज्यांस त्यांनीं आश्रय दिला, त्यांनींच त्यांचें देणें थकविलें.

इ. स. १७१२ मध्यें त्यांस पक्षघाताचा झटका आला. त्यापुढें हॅनाबाईंनींच प्रांताचा कारभार मोठ्या शहाणपणानें चालविला. ता. ३० जुलै १७१८ रोजीं पेन साहेब देवाघरीं गेले. बकिंगहॅमशायरमधील जॉर्डन्स येथें मित्रमंडळीच्या साध्या स्मशानभूमींत त्यांस पुरण्यांत आलें.

त्यांचें शहर वाढत गेलें. इ. स. १७७६ मध्यें अमेरिकेनें स्वातंत्र्य पुकारलें तें तेथेंच; त्या वेळीं तें तेथील सर्व इंग्रज वसाहतींत सर्वांत मोठें शहर होतें. आमच्या महाराष्ट्राचाही त्याच्याशीं एक धागा आहे. इ. स. १८१२ च्या फेब्रुवारींत हार्मनी नांवाचें व्यापारी जहाज फिलाडेल्फियाहून निघालें, त्यांत गॉर्डन हॉल हे होते. ते पुढच्या वर्षीं मुंबईस पोंचले. व्यापाराच्या जहाजानें सुवार्तिकास आणिलें. आणि मुंबईच्या कंपनी सरकारनें, आपल्या राज्यास व व्यापारास धोका होईल ह्या भीतीनें, आरंभीं त्यांस घालवून देण्याची खटपट केली. व्यापार धर्मास वाटही देतो व अडवितोही, हें येथेंही दिसून आलें.

आम्हीं काय घ्यावें

वाचकहो, हें चरित्र वाचून दोन-तीन विचार आमच्या मनांत येतात. पहिला हा कीं, धर्म रविवारापुरता नाहीं. आठवड्याच्या बाजारांत आपल्या तराजूकडे पाहून जो माणूस आपल्या प्रभूविषयीं मत बनवितो, त्यास उपदेशकाच्या भाषणाची वाट पाहावी लागत नाहीं. दुसरा विचार असा कीं, भाऊ आहे म्हणून विश्वास ठेवावा, परंतु भाऊ आहे म्हणून कागद न वाचतां त्यावर सही किंवा अंगठा करूं नये. हिशेब नीट पाहण्यांत प्रीतीचा भंग होत नाहीं. हिशेब न पाहिल्यानें मात्र पुष्कळ प्रीति भंग पावली आहे. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस वाचून दाखविणें हें उपदेशकाच्या कामाचाच भाग समजावा.

तिसरा विचार अधिक कठीण आहे. पेन साहेब भले होते, त्यांची मंडळी भली होती, त्यांचा भाव एक होता. तरी जें पाप सर्वांच्या सोयीचें होतें तें कोणासही नीट दिसलें नाहीं. तें दिसलें तें चार साध्या माणसांस, आणि त्यांचा कागद बाजूस ठेवण्यांत आला. तेव्हां एखाद्या मंडळींत गरीब सभासद उठून म्हणाला कीं आपल्या व्यवहारांत अमुक गोष्ट प्रभूस आवडणार नाहीं, तर विषय जड आहे म्हणून तो पुढच्या सभेवर टाकूं नये. त्याचें म्हणणें त्याच दिवशीं ऐकून घ्यावें.